गाठ म्हणू नकोस, लंप म्हण

गेल्या वर्षी माउलींची पालखी पुण्यातून सासवडकडे गेली त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी आई कोथरूडच्या आमच्या घरात ओट्यापाशी खुर्ची घेऊन मेथी निवडत बसली होती, मी ऑफिसमधून येऊन चहा टाकत होते, आणि मेथीवरची नजर न उचलता ती म्हणाली, "अगं, ते लंप म्हणतात ना, तसं काहीतरी लागतंय मला गळ्याशी."

मला आधी लंप ऐकू आला, गळा नंतर. माझी आई शहात्तर वर्षांची, सासवडजवळच्या खेड्यात वाढलेली, फ्रीज, गॅस, मिक्सर सोडले तर इंग्रजी शब्द तिच्या तोंडी फारसे येत नाहीत, कपाळ दुखलं तर "ठणकतंय", गुडघा दुखला तर "चमक भरली", पोटरी दुखली तर "गोळे आले" असं प्रत्येक दुखण्याचं वेगळं नाव सांगणारी बाई, तिला गाठ हा शब्द आठवला नसेल हे शक्यच नव्हतं. आठवला होता म्हणूनच तिनं तो टाळला, हे मला गॅस बंद करेपर्यंत कळलं.

हात पुसून तिच्यासमोर बसले आणि गळ्याला बोटं लावली. उजव्या बाजूला, गळ्याच्या खळगीच्या जरा वर, सुपारीएवढं, गुळगुळीत. दाबलं तर दुखत नव्हतं. कधीपासून विचारलं तर म्हणाली चैत्रात लक्षात आलं, म्हणजे झाले की दोन-अडीच महिने. मग बोलली का नाहीस? यावर तिनं दोन-तीन काड्या खुडल्या, पानं सुपात टाकली, आणि मी तर अजून काही नाव घेतलंच नव्हतं, तरी म्हणाली, "गाठ म्हणू नकोस. लंप म्हण."

आमच्या घरात त्या शब्दामागे एक माणूस आहे. माझी धाकटी मावशी. छातीतली गाठ तिनं जवळजवळ वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. आईनं एकदा विचारलं होतं, काखेला हात का धरतेस, तर "थोडी सूज आहे, उतरेल" एवढंच. सूज म्हटलं की त्यात उतरायची सोय असते. सूज येते, चढते, ओसरते, ओढ्याच्या पाण्यासारखी, आणि आपण वाट बघत बसू शकतो. गाठ ओसरत नाही, गाठ सोडवावी लागते नाहीतर कापावी लागते. मावशीनं तो शब्द वाट बघायला म्हणून घेतला आणि त्याच्या आड आजार वाढत राहिला. ती गेली तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतर दोऱ्याची गाठ, लुगड्याची गाठ, पदराची गाठ हे सगळं आई बोलायची, पण कुणाच्या अंगावरच्या गाठीला तिनं तो शब्द लावलेला मी ऐकलेला नाही.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी लंपचेच अर्थ बघत बसले. दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घेऊन झाली होती, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंग्रजीत हा अगदी रोजच्या वापरातला शब्द आहे, डोक्याला आपटून येतो तोही लंप, साखरेचा तुकडा लंप, कोळशाचा लंप, मातीचा लंप, एकरकमी पैसे द्यायचे ते लंपसम, आणि रडू दाटलं की घशात येतो तोही लंपच. मी एकेकाला मराठीत काय म्हणतो ते मनात लावत गेले तर एकही शब्द दुसऱ्यांदा येईना. साखरेचा खडा, मातीचं ढेकूळ, गुळाची ढेप, लोण्याचा गोळा, पिठल्यात राहते ती गुठळी. घशात आपल्याकडे काही येत नाही, आपला कंठ दाटतो किंवा आपण आवंढा गिळतो, आणि भीतीनं गोळा येतो तो पोटात. लंपसम तर आपण केव्हाच घेतलाय, बोलताना त्याचं लमसम झालं आणि अर्थही हलला, "लमसम पाच हजार धर" म्हणजे अंदाजे पाच हजार, एकरकमी नव्हे.

लंप हा शब्द मला निर्विकार वाटला. त्याला ना वास, ना ठिकाण, ना आठवण. मावशी त्यात नव्हती. आईनं तो कुठून उचलला ते तिलाच विचारलं, तर म्हणाली गुरांच्या रोगावरून. २०२२ साली तो लम्पी आजार पसरला होता, मामाच्या गोठ्यात दोन गाईंना झाला होता, सगळ्या अंगावर सुपाऱ्या ठेवल्यासारख्या गाठी. गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली, गोठ्यात माश्या-डासांसाठी धूर केला कारण चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यातून तो पसरतो. आफ्रिकेतल्या आजच्या झांबियात १९२९ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेलेला हा आजार, इंग्रजीत त्याचं नाव लंप शब्दावरूनच ठेवलेलं, आणि पुरंदरच्या गोठ्यात तो शब्द इतका रुळला की मामी "लम्प्या उठल्यात" असं अनेकवचन करून बोलायची. मामाच्या दोन्ही गाई बऱ्या झाल्या. आईच्या मनात लंप म्हणजे बरं होणारी गाठ असं बसलं असणार. हे तिनं सांगितलं नाही, माझं मी धरलंय.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत आम्ही तीन तास बसलो. गर्दी एवढी की आतल्या टेबलापाशी एकाच वेळी दोन-दोन पेशंट उभे. आमच्या आधी मुळशीकडची एक आजी होती, नऊवारी, हातात पिशवी, सोबत नातू. तरुण डॉक्टरनं काय होतंय विचारलं, तर तिनं आवाज बारीक करून सांगितलं, "जांगंत अवधाण आलंय." डॉक्टर मराठीच मुलगा होता, चांगला, मऊ बोलणारा, पण त्याला वाटलं अवधान, म्हणजे लक्ष. तो म्हणाला आजी, कशाकडे लक्ष? ती गोंधळली, तिनं परत तेच सांगितलं, मग नातवानं "स्वेलिंग आहे सर" म्हणून भाषांतर केलं, डॉक्टरनं ते टाईप केलं आणि हर्नियाचे प्रश्न विचारायला सुरुवात केली, जड उचलता का, खोकल्यावर वाढते का.

माझी आई परक्या माणसांच्या बोलण्यात कधी पडत नाही. त्या दिवशी पडली. म्हणाली, "डॉक्टर, त्यांचा पाय बघा आधी."

आजीनं चप्पल काढली. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी काहीतरी घुसून चिघळलेली जखम होती, फडकं बांधलेलं, फडक्यावर हळद वाळलेली. पायाला जखम झाली की तिथलं विष वर चढतं आणि जांघेत गाठ येते, तिला अवधाण म्हणतात, हे आईला लहानपणापासून माहीत. डॉक्टरला त्यामागचं शास्त्र माहीत होतं, पायाकडची लसिका, म्हणजे अंगातलं पातळ पाणी, जांघेतल्या ग्रंथींत येते आणि जंतू अडवता अडवता त्या ग्रंथी सुजतात, हे तो आम्हालाच समजावून सांगायला लागला. एवढंच की तो शब्द त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. स्वेलिंग म्हटल्यावर त्याला दहा प्रश्न विचारावे लागले असते. अवधाण या शब्दात जागा होती आणि कारणही होतं, म्हणजे आजी अर्धं निदान पिशवीत घेऊन आली होती आणि ते दारातच सांडलं. त्यानं मात्र तो शब्द आईकडून नीट ऐकून कागदावर लिहून घेतला, ण सकट, हे मला फार आवडलं.

मला तेव्हापासून हे शब्द गोळा करायचं वेड लागलं, आईही खुलली. आपल्याकडे सूज कुठे आली त्यावर तिचं नाव बदलतं. डोक्याला आपटून येतं ते टेंगूळ, ते डोक्यालाच येतं किंवा कपाळाला, पोटरीला टेंगूळ आलेलं मी तरी ऐकलं नाही. पापणीच्या कडेला येते ती रांजणवाडी. काखेत काखमांजरी. नखाच्या मुळाशी नखुरडं. केसाच्या मुळाशी केसतूड. गालाशी गालगुंड, गळ्याशी गलगंड. डास चावून किंवा पित्तानं अंगावर उठतात त्या गांधी. कातडीखाली वर्षानुवर्षं न दुखता बसलेलं मऊसर ते आवाळू, आमच्या वाड्यातल्या एका आजोबांच्या मानेवर होतं, आम्ही मुलं ते हलवून बघायचो आणि ते हलवू द्यायचे. मग पुळी, पुटकुळी, फोड, करट, गळू, बेंड, हे सगळे आकाराच्या आणि दुखण्याच्या चढत्या भाजणीत. आणि ते काय करतात याचेही शब्द वेगळे, गळू आधी ठुसठुसतं, मग ठणकतं, टरारतं, पिकतं, त्याला तोंड येतं, मग फुटतं आणि वाहतं.

त्यातला पिकणं हा शब्द तर किती जुना. सुश्रुतसंहितेत सुजेच्या तीन अवस्था सांगितल्यात, आम, पच्यमान आणि पक्व, म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली, आणि कच्च्यावर शस्त्र चालवू नये, पिकलेलं तसंच ठेवू नये असा वैद्याला इशारा दिलाय. माझी आजी काही सुश्रुत वाचलेली नव्हती. पण करटावर ती बोटाच्या पोटानं, नखानं नव्हे, अलगद दाबायची, डोळे मिटून, जसं आंबा चाचपतात तसं, आणि म्हणायची "अजून कच्चंय, दोन दिवस पोटीस बांधू." गव्हाच्या पिठाचं, हळद आणि तेल घालून शिजवलेलं, कपड्यात गुंडाळलेलं गरम पोटीस, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची आणि मग आमच्या. हा पोटीस शब्द इंग्रजी पोल्टिसवरून आलाय हे मला आत्ता कळलं. आजीला कळलं असतं तरी तिला काही फरक पडला नसता, शब्द हाताला लागला, कामाला आला, घरचा झाला.

सूज बघायची दुसरी रीत आईकडून मी शिकले. बाबांच्या शेवटच्या वर्षात ती रोज रात्री त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरायची आणि उचलायची. खड्डा पडायचा. तो किती वेळात भरतो ते ती मनात मोजायची, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोनवर सांगायची, काल दहापर्यंत भरत होता, आज वीस झाले. डॉक्टर तेवढ्यावर गोळी वाढवायचे. इंग्रजीत याला पिटिंग एडिमा म्हणतात. आईकडे त्याला नाव नव्हतं, अंगठा होता. आणि बाबांचा चेहरा भरलेला दिसतोय असं एक शेजारी म्हणाले तेव्हा ती पटकन म्हणाली होती, "बाळसं नाही ते, सूज आहे." आपण हे वाक्य एरवी पुढाऱ्यांबद्दल किंवा कंपन्यांबद्दल वापरतो, पण ते आलंय असल्या अंगठ्यातूनच.

आणि गाठ. तिच्याकडे मला परत यायलाच हवं. संस्कृतातल्या ग्रंथि शब्दाची ती गाठ झाली, आणि पानं एकत्र बांधतात म्हणून ग्रंथ हाही त्याच धातूपासून आलेला. मराठीत या शब्दानं किती घरं केलीत बघा, लग्नगाठ, खूणगाठ, गाठीशी अनुभव, गाठीला पैसा, गाठभेट, गाठ पडली, गाव गाठलं, गाठोडं, पाडव्याला गुढीवर चढतात त्या साखरेच्या गाठी. आईनं मला लहानपणी दोन गाठी शिकवल्या होत्या, ओढली की सुटते ती सुरगाठ आणि ओढली की घट्ट होते ती निरगाठ, परकराच्या नाडीला नेहमी सुरगाठ मार म्हणायची. भाषेत हा शब्द बहुतेक वेळा माणसं जोडायला येतो, फक्त शरीरात आला की काळीज थांबतं.

पुण्यात तर जरा जास्तच थांबत असेल. १८९७ साली या शहरात प्लेग आला तो गाठीचा प्लेग, वर्तमानपत्री मराठीत ग्रंथिक सन्निपात. जांघेत, काखेत, मानेला गाठ आली की लोक समजून चुकायचे. इंग्रजीत त्याला ब्युबॉनिक म्हणतात, तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच जांघ. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठही बहुधा जांघेत, म्हणजे रीत तीच अवधाणाची, फक्त जंतू वेगळा आणि जीवघेणा. गोरे सोल्जर पेठांमधल्या घरात शिरून माणसं तपासायचे आणि काखा-जांघा चाचपायचे, बायकांच्यासुद्धा, आणि त्या संतापातून २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच्या साडेतीन महिने आधी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. माझ्या पणजीचं घर तेव्हा शहर सोडून माळावर झोपडीत राहायला गेलं होतं असं आजी सांगायची, आणि रोज संध्याकाळी पणजी मुलांना ओळीनं उभं करून काखेत आणि जांघेत हात घालून बघायची. कुणी कुणाला काय बघतेस विचारायचं नाही, असा घरात नियम. आईनं मला गाठ म्हणू नकोस सांगितलं तेव्हा मला वाटतं तिच्यामागे मावशी होती आणि मावशीच्याही मागे तो माळ होता.

इंग्रजी शब्दांचंही असंच झालंय. ट्यूमर म्हटलं की आज कुणाच्याही काळजाचं पाणी पाणी होतं, पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निव्वळ सूज. पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दाहाची चार लक्षणं लिहून ठेवलीत, लाली, सूज, ऊब आणि दुखणं, त्यातल्या सुजेला त्यानं ट्यूमर हाच शब्द वापरलाय, म्हणजे त्याच्या हिशेबानं आजीचं करटसुद्धा ट्यूमर. ट्युबर म्हणजे गाठ, उंचवटा, बटाट्याला शास्त्रात ट्युबर म्हणतात, आणि त्याचंच लहान रूप ट्युबर्कल, त्यावरून ट्युबर्क्युलोसिस, आपला टीबी. बटाटा आणि क्षय एका मुळातून आलेले शब्द आहेत हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. आणि ग्रीक कथेतला तो राजा ईडिपस, त्याच्या नावाचा अर्थ सुजलेल्या पायांचा, कारण तान्हा असताना त्याचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून दिलं होतं. नाव घेताना रोज त्याची जखम घेतली जायची. आपल्याकडे गाठीला अर्बुद असा आणखी एक शब्द आहे, दहा कोटींचा आकडाही अर्बुद आणि अबूचा डोंगरही अर्बुद, आणि डॉक्टरी मराठीत तो कर्करोगाच्या पुस्तकांत सापडतो. बोलण्यात तो कुणीच आणत नाही. आणायला हरकत नाही, पण तो ऐकून आईला काही कळणार नाही, त्यापेक्षा लंप बरा.

त्या ओपीडीत आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टर आईच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला, दोन्ही हातांची बोटं तिच्या गळ्यावर ठेवली आणि मला म्हणाला, यांना पाण्याचा घोट द्या. "आजी, तोंडात धरा. आता गिळा." तिनं गिळलं आणि ती सुपारी वर सरकली आणि खाली आली. परत एक घोट, परत वर, परत खाली. थायरॉइडची गाठ गिळताना अशी वर जाते, म्हणून ती थायरॉइडचीच असं कळतं. आईनं माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि तिसरा घोट गिळला. आतमध्ये काहीतरी जिवंत, लहान, माझ्या बोटांखालून सरकलं. तिचा श्वास मला मनगटावर लागत होता.

मग सोनोग्राफी, मग बारीक सुई घालून पेशी काढतात ते एफएनएसी. त्या चार दिवसांत घरात आम्ही दोघी लंपच म्हणत होतो. मला सुरुवातीला तो शब्द पळवाट वाटला होता, मावशीच्या सुजेसारखा. पण मावशी सूज म्हणाली आणि कुठे गेली नाही, आई लंप म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता रांगेत बसली. परका शब्द होता म्हणून तिला तो उच्चारता आला. त्यात घाबरायला काही साठलेलं नव्हतं. मराठी शब्द जपायला हवेत असं मला अगदी मनापासून वाटतं, अवधाणाच्या दिवशी तर डोळ्यांत पाणी आलं होतं, पण म्हणून त्या संध्याकाळी मेथीच्या सुपापाशी मी तिला "लंप काय, गाठ म्हण" असं दुरुस्त केलं नाही याचं मला आजही बरं वाटतं.

रिपोर्ट शुक्रवारी आला. कोलॉइड नोड्यूल, बेथेस्डा वर्ग दोन, म्हणजे साधी गाठ, कर्करोगाची नाही. बायकांमध्ये, विशेषतः वय वाढल्यावर, थायरॉइडच्या अशा गाठी अगदी सर्रास असतात आणि बहुतेक निरुपद्रवी निघतात, डॉक्टर म्हणाला, काढायची गरज नाही, वर्षानं परत सोनोग्राफी करू. जाता जाता त्यानं आईला विचारलं, आजी, अजून असे शब्द आहेत का तुमच्याकडे? आई म्हणाली, "आठवतील तसे सांगेन."

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि मला मामीला फोन लावून द्यायला सांगितलं. मी स्पीकरवर ठेवला. मामीनं विचारलं काय गं, कसली धावपळ चाललीय तुमची, आणि आईनं दोन बोटं गळ्यावर ठेवली, त्या सुपारीवर, आणि म्हणाली, "गाठ आहे मला गळ्याला. हो, गाठच. तपासून आले. साधी आहे."